रिव्हरसाइडमधल्या घराची खिडकी आणि ती अफवा

शिकागोजवळच्या रिव्हरसाइडमध्ये घर घेऊ नका, अख्खं गाव नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क (अमेरिकेच्या केंद्र म्हणजे फेडरल सरकारने जाहीर केलेलं ऐतिहासिक वारसास्थळ) आहे, खिडकी बदलायलाही सरकारची परवानगी लागते, असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे तो! 1869 मध्ये ओल्मस्टेड आणि वॉक्स या लँडस्केप आर्किटेक्टांनी आखलेलं हे गाव 1970 पासून लँडमार्क आहे हे खरं, पण स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर बदलणाऱ्याला तो फेडरल दर्जा अडवत नाही, अडवतात ते गावाचे स्थानिक नियम, म्हणून टोकन देण्याआधी ते घर स्थानिक लँडमार्क यादीत आहे का एवढं व्हिलेज ऑफिसात विचारा. बाकी रस्ते इतके वळणावळणाचे की मेट्रा या लोकल ट्रेनच्या स्टेशनवरून घरी येताना गॅसच्या दिव्यांखाली नवखा माणूस हमखास चुकतो, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.