तिखटजाळ रस्सा आणि कणकेचा गोळा

रस्सा तिखट झाल्यावर काय करावं, हे सांगणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कणकेचा गोळा किंवा कच्चा बटाटा सोडा, तो तिखट शोषून घेतो. लिंबू पिळा, आंबट तिखटाला मारतं. चमचाभर साखर घाला. थोडा वेळ जास्त उकळा, तिखट उडून जातं. नाहीतर दही घाला, काम झालं. पाहुणे यायच्या तासभर आधी हे सगळे उपाय एकापाठोपाठ केले, की चांगला मटणाचा रस्सा आंबटगोड आणि चिकट होतो, आणि तिखट मात्र तितकंच राहतं. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी कणकेचा गोळा. मिरचीतला जाळ कॅप्सेसिन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चटकन उतरतं. कणीक आणि बटाटा ओढतात ते मुख्यतः पाणी, आणि त्याबरोबर मीठ. वीस मिनिटं रश्श्यात राहिलेला गोळा सुरीने कापून पाहा. बाहेरचा पातळ थर लालसर आणि बुळबुळीत, आत मात्र कणीक पांढरीच. बटाट्याचंही तसंच. गोळा बाहेर काढताना त्याला चिकटून थोडी तर्री जाते, तेवढाच फरक. उलट त्याची खळ सुटून रस्सा दाट होतो. बटाट्याचा उपयोग होतो तो तो रश्श्यात ठेवून खाल्ला तर, कारण एका घासात रस्सा कमी येतो. म्हणजे बटाटा तिखट शोषत नाही, पदार्थ वाढवतो.

आता लिंबू. कॅप्सेसिन म्हणजे सोडा नव्हे, की आंबट घातलं आणि त्याचा जोर गेला. रश्श्यात ते आहे तितकंच राहतं. जीभ आधीच पोळलेली असेल तर आंबट आणखी झोंबतं. कोकम किंवा चिंच घातलेल्या रश्श्यात तर लिंबू नकोच.

साखरेचं अर्धं खरं आहे. गोड चवीमुळे तिखट थोडं मागे पडतं. पण लिटरभर रश्श्याला अर्धा चमचा गूळ ही हद्द. त्यापुढे मटण गोडसर लागतं आणि ते दुरुस्त करता येत नाही.

‘जास्त उकळा’ हा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. कडकडीत तेलात मिरची पडली की ठसका लागतो, म्हणून तिखट उडतं असं वाटतं. पण पातेल्यातलं कॅप्सेसिन उकळीला टिकून राहतं. उडतं ते पाणी. लिटरभराचा रस्सा आटून पाऊण लिटर झाला, की तेच तिखट कमी रश्श्यात उरतं आणि पदार्थ आधीपेक्षा जहाल होतो.

दह्याने खरंच फरक पडतो. दुधातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला धरतात, त्यामुळे जिभेला ते कमी भिडतं. मात्र उकळत्या रश्श्यात गार दही ओतलं, की ते फाटून चोथा वर येतो. वाटीभर गोड, ताजं दही चमचाभर बेसन घालून गुठळी न ठेवता घुसळा, त्यात दोन पळ्या कोमट रस्सा मिसळा, मग आच मंद करून ढवळत ओता. उकळी फुटू देऊ नका. मालवणी किंवा गोव्याच्या पद्धतीच्या रश्श्यात दह्यापेक्षा नारळाचं दाट दूध जास्त शोभतं. तेही शेवटी, मंद आचेवर.

त्या मजकुरात नसलेला उपाय सगळ्यात कामाचा आहे: तर्री काढा. तिखट तेलात उतरतं, आणि तेल वर तरंगतं. गॅस बंद करून पातेलं पंधरा मिनिटं न हलवता ठेवा, मग पसरट पळी पृष्ठभागाला समांतर धरून लाल तेल वाटीत काढा. तेल कमी असेल तर दोन मोठे चमचे साधं तेल घालून पाच मिनिटं उकळा आणि मग काढा. नवं तेलही तिखट ओढून घेतं. मटणाचा रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये राहणार असेल तर सकाळी गोठलेली चरबी सरळ उचलता येते. खोबरं-खसखशीचं वाटण जास्त असलेल्या दाट रश्श्यात मात्र तेल नीट सुटत नाही, तिथे हा उपाय तोकडा पडतो.

तिथे रस्साच वाढवावा लागतो. नुसतं पाणी ओतलं तर मीठ-मसाला फिका होतो आणि तर्री वर तशीच राहते. हिशोब सोपा आहे: लिटरभर रश्श्यात तीन चमचे हवं तिथे चार चमचे तिखट पडलं असेल, तर एकतृतीयांश लिटर बिनतिखट रस्सा लागेल. दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, सहा-सात लसूणपाकळ्या आणि इंचभर आलं थोड्या तेलात खमंग परतून बारीक वाटा. दोन वाट्या गरम पाणी आणि बेताचं मीठ घालून दहा मिनिटं उकळा आणि मूळ रश्श्यात मिसळा. आमटीला हेच काम शिजवलेली डाळ करते, पिठल्याला ताकात कालवलेलं बेसन. सुक्या भाजीत शेंगदाण्याचा कूट किंवा ओलं खोबरं घाला, वाटीभर भाजीला दोन मोठे चमचे.

काढलेली तर्री फेकू नका. तिच्यात मसाल्याचा रंग आणि वासही गेलेला असतो, म्हणून रस्सा थोडा फिकट दिसतो. ती झाकून फ्रीजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवसांत मिसळीच्या कटाला किंवा शेवभाजीला वापरता येते. पंगतीत कुणाला झणझणीत हवं असेल, तर गरम करून वाटीत वेगळी वाढा.