सत्तर वह्या, सत्तर मोर

नववीला आमच्या वर्गात आम्ही सत्तर जणी होतो, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तर जणींच्या वहीत मोर नाचला. विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. धरणीमातेने हिरवा शालू नेसला, बेडकांनी डराव डराव करत मैफल भरवली, बळीराजा सुखावला आणि मोर थुईथुई नाचू लागला. माझ्या मोराला दहापैकी आठ मिळाले. शेजारणीच्या मोराला साडेआठ, तिचं अक्षर चांगलं होतं म्हणून.

हे सगळं लातूर शहरात. त्या वर्षीच्या पावसाबद्दल लातूरच्या माणसाला काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: पुढच्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, कलम १४४, घागरीवरून डोकी फुटू नयेत म्हणून. आणि एप्रिल २०१६ मध्ये आमच्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ऑगस्टातच नळ कधी येईल याचा नेम राहिला नव्हता. आई भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून त्यानं फरशी पुसायची. आणि मी त्याच फरशीवर मांडी घालून, सुवाच्य अक्षरात, ‘नदीनाले दुथडी भरून वाहू लागले’ असं लिहीत होते.

मला एकदाही वाटलं नाही की मी खोटं लिहितेय. निबंधात पाऊस असाच पडतो, एवढंच माहीत होतं. खिडकीबाहेरचा पाऊस वेगळा आणि निबंधातला वेगळा. बाईंनाही दोष देत नाही. त्यांच्याकडे पाच तुकड्या होत्या, म्हणजे साडेतीनशे वह्या. पानाला एक लाल बरोबरची खूण, शेवटी सही, तारीख. तपासणं झालं. वाचायला कुणाला वेळ होता?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही रात्री दोन वाजता उठवा, तो तुम्हाला फाटक्या पुस्तकाचं मनोगत डोळे न उघडता म्हणून दाखवेल. ‘थांब, घाबरू नकोस, मीच बोलतोय’ अशी सुरुवात. मधे वैभवाचे दिवस, मग उपेक्षा, आणि शेवटी ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली’. पुस्तक असो, चप्पल असो, वडाचं झाड असो, सगळ्यांचं आयुष्य एकाच छापाचं. कल्पनाप्रधान निबंधात सूर्य उगवलाच नाही तर काय मज्जा येईल याची दोन पानं, आणि मग घाईघाईत ‘नको रे बाबा, सूर्य हवाच!’ वैचारिक निबंध तर सगळ्यात सोपा. मोबाईल शाप की वरदान, विज्ञान शाप की वरदान, दूरदर्शन शाप की वरदान. उत्तर ठरलेलं: ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. दहा वर्षांच्या शाळेत एकाही मुलीने ‘शाप आहे, आणि का ते सांगते’ असं लिहिलेलं मी पाहिलं नाही. शेवट आधी ठरलेला असायचा, आपण फक्त तिथपर्यंत अक्षर खराब न होऊ देता चालत जायचं.

(गंमत म्हणजे ‘निबंधमाला’ हे नाव मी गाईडच्या कव्हरवर पहिल्यांदा वाचलं. त्या नावाचं एक मासिक होतं, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये काढलेलं, सात वर्षांत ८४ अंक, हे पुण्यात आल्यावर कळलं. त्यातलं बरंच मला पटत नाही. जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिलंय ते तर वाचताना अंगावर येतं. पण शाप की वरदान म्हणून कुंपणावर बसलेला तो माणूस नव्हे. त्याच्याशी भांडता येतं. गाईडमधल्या निबंधाशी कसं भांडणार?)

आता पंचविशीत मला पुन्हा निबंध लिहावे लागतायत.

मी पुण्यात एमपीएससी करते. नवी पेठेतली अभ्यासिका, पावणेतीन फुटांचं टेबल, डबा, चहा, हे सगळं तुम्ही इतरांच्या पोस्टमध्ये वाचलेलं आहे, ते सोडून देते. आमची मुख्य परीक्षा भाषेचा एक पेपर वगळला तर बहुपर्यायी होती. चार पर्याय वाचायचे, त्यातले दोन कापायचे, उरलेल्या दोनांत देवाचं नाव घ्यायचं आणि गोळा काळा करायचा. मग आयोगाने यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक पद्धत आणली. नऊ पेपर, लेखी १७५० गुण, मुलाखत २७५, आणि त्यात एकट्या निबंधाला २५०. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली की हे आत्ता नको, २०२५ पासून करा. त्या बसलेल्यांत मीही होते. घोषणा जोरात दिल्या. आमची कारणं खोटी नव्हती: इतकी वर्षं एका पद्धतीने तयारी केली, नियम मधेच का बदलता, आणि गोळा कुणीही तपासला तरी तेवढेच गुण, निबंधाचं तसं नाही. आयोगाने ऐकलं, दोन वर्षं मिळाली. पण माझं स्वतःचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला लिहिता येत नव्हतं. मराठी माध्यम, दहावीला मराठीत नव्वदच्या वर, आणि कोऱ्या कागदावर स्वतःचं एक पान लिहायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. तो काळा करून भागणारा नव्हता.

शेवटी एक टेस्ट सिरीज लावली. तीन तास, दोन निबंध. पहिल्याच टेस्टला विषय आला ‘पाणी: निसर्गाची देणगी की बाजारातील वस्तू?’ मला हायसं वाटलं, कारण माझ्याकडे वही तयार होती. आमच्यापैकी प्रत्येकाकडे अशी एक वही असते, सुविचारांची. गांधीजी, विवेकानंद, बाबासाहेब, कलाम. टेलिग्रामवरच्या पीडीएफमधून उतरवलेली. माझ्या वहीत एकच वाक्य तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या थोर माणसांच्या नावावर आहे, आणि तिघांपैकी एकानेही ते म्हटलं नसावं असा मला दाट संशय आहे. तर एक सुविचार, मग पंचमहाभूतं, मग सिंधू संस्कृती, मग शाश्वत विकासाची उद्दिष्टं, आणि शेवटी ‘समन्वयाची गरज’. वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, हेच जरा शहाण्या शब्दांत. १२५ पैकी ५४. शेरा: ‘चांगला प्रयत्न. उदाहरणे वाढवा.’

माझी रूममेट मिरजेजवळच्या शिरोळची. २०१९ च्या महापुरात तिच्या घरात कृष्णेचं पाणी छातीपर्यंत आलं होतं. तिनं माझा पेपर उचलला, खाटेवर लोळत शेवटपर्यंत वाचला (माझं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचतंय हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं) आणि म्हणाली, “लातूरची न्हवं का तू? आमच्या मिरजेचं पाणी प्यालीस की गं. ते कुठाय ह्यात?”

कुठेच नव्हतं. सहा पानांत मोहेंजोदडोचं स्नानगृह होतं आणि आमच्या गल्लीतला टँकर नव्हता.

मी तो निबंध पुन्हा लिहिला, टेस्टसाठी नाही, तिच्यासाठी. त्यात टँकर आला. टँकरचा पाइप सोडला की पहिल्या एक-दोन घागरी गढूळ भरायच्या. म्हणून रांगेत पहिला नंबर नको असायचा. शेवटचा नंबर धोक्याचा, कारण तिथपर्यंत धार येईल याची खात्री नाही. आई मला पाचव्या-सहाव्या नंबराला उभी करायची आणि त्यासाठी पहाटे उठून रांगेत आधी दुसऱ्यांच्या चार घागरी लागायची वाट बघायची. घागरींवर ऑईलपेंटने आडनावं घातलेली. आमच्या आडनावातला शेवटचा काना खरवडून गेला होता, त्यावरून एकदा भांडण झालं. हे सगळं मला आठवत होतं हेच मला माहीत नव्हतं. लिहिताना एक घागर आली की तिच्यामागून दुसरी येत गेली.

तुम्हाला वाटेल आता मला चांगले गुण पडले. पुढच्या टेस्टला दुष्काळावरच विषय आला, मी ही सगळी रांग उतरवली आणि ४९ मिळाले. शेरा होता: ‘अनुभव प्रभावी. पण हा निबंध आहे, आठवण नव्हे. पाणी का संपले?’

दोन दिवस मी त्या तपासनीसाला मनातल्या मनात लातुरी भाषेत ऐकवत होते. ह्याला काय कळतंय, हा कधी उभा होता का रांगेत. तिसऱ्या दिवशी पेपर पुन्हा काढला. पाणी का संपलं या प्रश्नावर माझ्या सहा पानांत एकच वाक्य होतं: ‘निसर्ग कोपला होता.’ म्हणजे हाही मोरच, फक्त रडका.

मग बसले वाचायला. लातूरला पाणी येतं ते मांजरा धरणातून, बीड जिल्ह्यात केज तालुक्यात धनेगावला. धरण कोरडं पडलं, पाऊस नव्हता, हे खरंच. पण राज्यात लागवडीखालच्या जमिनीत ऊस चारेक टक्के आणि सिंचनाचं पाणी पितो दोन तृतीयांशाच्या आसपास, असा हिशेब दुष्काळाच्या प्रत्येक चर्चेत निघतो. आणि मांजरेच्या काठाने जाऊन बघा, ऊस किती आहे ते. मी बघितलाय. माझ्या मामाचाच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथं जायचो, मोटर चालू केली की पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो. आणि दहावीनंतर माझ्या क्लासची फी कशातून भरली गेली? मामाच्या उसाच्या बिलातून.

हे लिहायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर हात थांबला. ज्या पाण्यासाठी आई पहाटे उठत होती, त्यातलं थोडं माझ्या फीमध्ये गेलं होतं. या वाक्याच्या पुढे कोणता ‘उपसंहार’ लिहायचा ते मला कुठल्याच वहीत सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की निबंध सुरू करताना माझं जे मत होतं ते निबंधाच्या मध्यावर राहिलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि, आता खोटं कशाला सांगू, मजाही आली.

२०२३ ला घोषणा देणाऱ्या माझ्याविषयीही मला तसंच वाटतं. मुदत मागितली ते योग्यच होतं. पण ‘निबंधातून काय कळतं?’ असं मी तेव्हा ओरडले होते, ते आता ओरडणार नाही. परीक्षकाला काय कळतं ते त्यालाच माहीत. दोन जण एकाच पेपरला वेगळे गुण देतात, ही तक्रार माझी अजूनही आहे, आणि मॉडेल उत्तरं पाठ करून घेणाऱ्या बॅचेसनी तर आता नवे मोर पाळायला सुरुवात केलीच आहे. टेस्टमध्ये दर तिसऱ्या पेपरची सुरुवात त्याच एका काल्पनिक आजीबाईपासून होते. पण मला स्वतःला जे कळलं ते त्या तिसऱ्या पानाशिवाय कळलं नसतं.

गेल्या रविवारी मामाला फोन केला. उसाला पाण्याच्या किती पाळ्या देतोस, किती दिवसांनी, सगळं विचारलं.

“का गं, परीक्षेला ऊस आलाय का?”

मी खरं ते सांगितलं, की तुझ्यावर लिहितेय, आणि फार चांगलं लिहीत नाहीये. जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्या साली माझा ऊस छावणीला गेला, जनावरांना. ते लिहिलंस का?” नव्हतं लिहिलं. मला ठाऊकच नव्हतं. “आणि हे बघ, उसाला एफआरपी हाय, सरकारनं बांधून दिलेला किमान भाव. कारखाना टोळी धाडतो, तोडून नेतो. सोयाबीन घेऊन मी अडत्याच्या दारात बसू का? तू साहेब झालीस की तुरीला तसा भाव लावून दे, उद्या ऊस मोडतो.”

म्हणजे चौथं पानही बदलणार. मी म्हटलं, मामा, हे सगळं घालते मी, तुझ्या शब्दांत.

“घाल की. पण कारखान्याचं नाव नको टाकू बाई, मागच्या बिलातले पैसे राहिलेत अजून.”