स्टार्टअप परिषदेच्या तिकिटाआधी

आज सकाळी एका मित्राचा फोन आला. त्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुण्यात भरणाऱ्या एका स्टार्टअप परिषदेत त्याला स्टॉल घ्यायचा आहे. त्यासाठी मागितलेली रक्कम ऐकून मला संताप आला. ज्याच्या हाती अजून एकही गिऱ्हाईक नाही, त्या पोराकडून गुंतवणूकदारांच्या भेटीची आशा दाखवून आगाऊ पैसे घ्यायचे, हे तुम्हालाही पटणार नाही.

माझ्या भाचीचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी तिने एक ॲप तयार केले. कोणत्या शाळेची मागणी किती, कापड कोणत्या शेडचे, कोणता लॉट कटिंगला गेला आणि कोणता शिलाईला, हे सगळे वहीऐवजी मोबाइलवर दिसावे, हा त्यामागचा विचार. अशाच एका परिषदेत तिने स्टॉल घेतला. दिवसभरात तिथे कोण फिरकले? शेजारचे स्टॉलवाले, प्रमाणपत्रासाठी आलेले विद्यार्थी आणि कंपनीची नोंदणी करून देतो, ट्रेडमार्क काढून देतो म्हणणारे सल्लागार. गणवेशाचा कारखानदार एकही नाही. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून सादरीकरणाची कबूल केलेली पाच मिनिटे दोनवर आली, आणि तेवढ्यातच परीक्षकांनी तुझी बाजारपेठ फार लहान आहे, असे ऐकवून तिला खाली बसवले.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दुकान लावणारासुद्धा जागेचे भाडे भरतो, पण त्याच्यासमोरून चालणारा माणूस खरेदीला आलेला असतो. या परिषदांत विकणारेच विकणाऱ्यांना भेटतात. याउलट, सोलापूरच्या रेडीमेड उत्पादकांनी 2017 पासून गणवेशांची जी प्रदर्शने भरवली, तिथे माल घेणारा व्यापारी स्वतः येतो, कापड बोटांत चोळून पाहतो आणि भाव विचारतो. अशा प्रदर्शनाला पोरांनी जरूर जावे. माझा राग तिथे नाही.

गुंतवणूकदार अशा परिषदांतच भेटतात, असे म्हणणारे आहेत. भेटत असतील एखाद्याला. पण बाकीच्यांनी कशासाठी पैसे भरायचे? केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया योजना 16 जानेवारी 2016 रोजी सुरू झाली. तिची मान्यता घरबसल्या, संकेतस्थळावर, कोणतेही शुल्क न भरता मिळते. लहान उद्योगांसाठी असलेली सरकारची उद्यम नोंदणीही विनामूल्य होते. लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत चुकते केले पाहिजेत, असे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. नव्याने धंद्यात उतरणाऱ्याला जिवंत ठेवणारी ही माहिती आहे आणि भाचीला तिथल्या एकाही भाषणात ती मिळाली नाही.

ती परत आली तेव्हा फार खचली होती. मी तिला अक्कलकोट रोडवरच्या एका ओळखीच्या कारखान्यात घेऊन गेलो. कटिंग मास्तरांनी मोबाइल हातात घेतला, थोडा वेळ खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, "बाई, इयत्ता लिहून आम्हाला काय कळणार? एकाच चौथीत कुणाला सव्वीस लागतो, कुणाला तीस. साइजप्रमाणे नग दाखवा, म्हणजे ताका उलगडता येईल." तिने तिथेच कागदावर साइजचा तक्ता आखला. मास्तरांनी त्यात आणखी एक रकाना वाढवायला लावला, तो शाळेने ऐनवेळी वाढवलेल्या नगांचा. पुढच्या हंगामात त्याच कारखानदाराने तिला पहिले पैसे दिले. बाजारपेठ लहान आहे म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते.

मुलांवर माझा राग मुळीच नाही. गावात आपले कोण ऐकणार, असे वाटून ती पुण्या-मुंबईकडे पाहतात, आणि त्यात आपण मोठ्या माणसांनीच त्यांना आपल्या कारखान्यांचे दार कधी उघडून दाखवले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मित्राला मी सांगितले आहे की मुलाला माझ्याकडे पाठव. यंत्रमाग, टॉवेल किंवा गणवेश यांपैकी कशासाठीही काही तयार करणारी मुले तुमच्या घरी असतील, तर त्यांनाही पाठवा; ओळखीच्या कारखान्यांत मी स्वतः घेऊन जाईन. गणवेशवाल्यांकडे जायचे असेल तर मात्र मे-जून सोडून या, कारण शाळा उघडण्याच्या तोंडावर मास्तरांना मान वर करायलाही वेळ नसतो.