एका ऑसिलेटरचा बेस पातळ नसतो

सिंथवर (सिंथेसायझरवर) बेसलाइन, म्हणजे गाण्याची खालच्या स्वरांची ओळ, करायला बसलेल्या नवशिक्याला एक ठरलेला सल्ला हमखास मिळतो: बेस जाड हवा असेल तर दोन-तीन ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारे भाग) घ्या, ते एकमेकांपासून किंचित डिट्यून करा, म्हणजे सुरात थोडे वर-खाली सरकवा, युनिसन (एकाच स्वराच्या अनेक प्रती) वाढवून आवाज डाव्या-उजव्या बाजूंना पसरवा, आणि तरीही तो पातळच वाटला, तर अस्सल ॲनालॉग यंत्राला पर्याय नाही. खालच्या पट्टीत हा सल्ला बहुतेक वेळा उलटाच पडतो.

डिट्यूनचेच पाहा. ५५ हर्ट्झच्या सॉ-वेव्हसोबत (करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या लहरीसोबत) तेवढ्याच आवाजाची दुसरी सॉ-वेव्ह १० सेंट (अर्ध्या स्वराचा दहावा भाग) चढी ठेवली, तर दोघींतला फरक सुमारे ०.३२ हर्ट्झ भरतो. म्हणजे साधारण दर ३.१ सेकंदांनी त्या नेमक्या विरुद्ध फेजमध्ये (लहरीच्या टप्प्यात) येतात, मूळ ५५ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो आणि क्षणभर बेस एक सप्तक वर गेल्यासारखा वाटतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) चार बीटचा बार २ सेकंदांचा असतो, तेव्हा दर दीड बारच्या सुमारास गाण्याचा तळ निसटतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना जे हेलकावे ऐकू येतात, तेच हे. ८८० हर्ट्झवर हेच १० सेंट सेकंदाला सुमारे ५ हेलकावे देतात आणि तिथे ते कानाला भरीव वाटतात. लीडसाठीचा (वरच्या मुख्य सुरावटीसाठीचा) सल्ला बेसला चिकटला तो बहुधा यामुळेच. त्यात अनेक सिंथमध्ये ऑसिलेटरचा फेज दर स्वरागणिक रीसेट होत नसल्यामुळे एक स्वर दणकट, तर दुसरा पोकळ निघतो. नवशिका मग कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारे साधन) लावतो आणि दुखणे तसेच राहते.

जाडीसाठी अनेक ऑसिलेटर लागतात, हे तर इतिहासालाही धरून नाही. १९८१ मध्ये आलेल्या रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथमध्ये ऑसिलेटर एकच होता. बेस गिटारची जागा घेण्याचे मूळ काम त्याला फारसे जमले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मात्र १९८२ मध्येच मुंबईत चरणजित सिंग यांनी त्यावर डिस्कोच्या तालात राग वाजवले होते, आणि पुढे शिकागोत याच यंत्रावर ॲसिड हाऊस हे नृत्यसंगीत उभे राहिले. त्याचा जोर फिल्टरचा कटऑफ (जिथून वरचा आवाज छाटला जातो ती सीमा) व रेझोनन्स (त्या सीमेजवळचा उठाव), मोजक्या स्वरांवरचा ॲक्सेंट (ठसका) आणि मींडेसारखी घसरणारी स्लाइड यांत आहे.

स्टिरिओबद्दल फार बोलण्याची गरज नाही. मोनोचे, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करणारे, बटण दाबून ऐकावे. पसरवलेला तळ तिथे खचतो, आणि अनेक क्लबांत सबवूफरला मोनो सिग्नलच जातो.

ॲनालॉगचा आग्रह तर १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या डिजिटल यंत्रानेच मोडीत काढला. त्याचे बेस त्या दशकाच्या पॉपमध्ये जागोजागी आहेत. शिवाय मोबाइलच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ जवळपास वाजतच नाही. ११०, १६५, २२० हर्ट्झचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे सूर) ऐकून कान तो स्वर स्वतःच ओळखतो, म्हणून असे हार्मोनिक वाढवणारे हलके सॅच्युरेशन महागड्या यंत्रापेक्षा जास्त कामाला येते.

सल्ल्याची एक बाजू खरी आहे. ड्रम अँड बेस या नृत्यसंगीतातल्या रीस बेस नावाच्या डिट्यून केलेल्या बेसचे सौंदर्यच डिट्यूनच्या हेलकाव्यांत आहे. पण तिथेही जाणकार मंडळी त्या थराला साधारण १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (खालचा आवाज छाटणारा) लावतात आणि खाली एकच, मोनो, स्थिर साइन-वेव्ह (हार्मोनिक नसलेली साधी लहर) ठेवतात.