एचएएनपीव्ही वेगळा, हा वेगळा

घाटेअळीला (हरभऱ्याचे घाटे खाणारी अळी) मारणाऱ्या एचएएसव्ही या आरएनए विषाणूवरचा लेख आवडला, पण खाली एकाने विचारलंय की हा विषाणू म्हणजे आपण हरभऱ्यावर फवारतो तोच का. नाही हो. संध्याकाळी नीळ घालून फवारतो तो एचएएनपीव्ही, घाटेअळीचाच दुसरा विषाणू, डीएनएवाला. त्याने मेलेली अळी शेंड्याला उलटी लटकते, हात लावला की फुटून पाणी होते. लेखातला एचएएसव्ही ऑस्ट्रेलियात सापडला. अळी तीच, पण हा फक्त तिच्या मधल्या आतड्याच्या पेशींत शिरतो. लहान अळी खायची थांबते, वाढ खुंटते आणि मरते. मोठी अळी मात्र बिलंदर, बाधित पेशीच झाडून टाकते आणि बऱ्याचदा निभावून नेते. म्हणजे अंगठ्याएवढ्या अळ्या दिसल्यावर जागे होणाऱ्यांना (आपल्याकडे बहुतेक तेच!) याचा फारसा उपयोग नाही.

लेखात एक गोष्ट राहिली, ती मला सगळ्यात भारी वाटते. दक्षिण आफ्रिकेत पाइनची पानं खाणाऱ्या पतंगाच्या अळीतला एचएएसव्हीचा भाऊबंद, न्यूडॉरेलिया कॅपेन्सिस ओमेगा हा विषाणू. त्याचं कवच एकाच प्रथिनाच्या 240 प्रतींचं. आधी ते सैल, सुमारे 48 नॅनोमीटरचं असतं. आम्लता वाढली की आवळून 41 वर येतं आणि मग प्रत्येक प्रथिन स्वतःच स्वतःला कापतं. बाहेरचं कुठलंही एन्झाइम लागत नाही! आणि हो, या विषाणूंचं टेट्राव्हिरिडी हे कूळ आता मोडीत निघालंय, त्याची तीन कुळं झालीत. तेवढं लेखात दुरुस्त करा.