‘नुसती पुस्तकी बडबड’ म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

वापरात नसलेली उपकरणे कशी ठेवावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपल्या मते बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवण्याचा सल्ला म्हणजे “नुसती पुस्तकी बडबड” आहे. आपला जुना फोन पूर्ण चार्ज करून दोन वर्षे कपाटात होता आणि तो आजही सुरू होतो. निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलना माझे नियम लागू पडत नाहीत. आणि उपकरणे अधूनमधून तपासत बसायला कोणाला वेळ आहे, असे आपले म्हणणे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, त्याला “कधी बॅटरी हातात तरी धरली आहे का?” असे चारचौघांत विचारणे कोणत्या सभ्यतेत बसते, हे मला अजून कळलेले नाही.

निकेल-कॅडमियमचा मुद्दा मान्य. तो सेल रिकामा पडून राहिला तरी फारसे बिघडत नाही, आणि माझा लेख आजच्या फोन-लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांपुरता आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते, ते तिसऱ्या परिच्छेदात आले. चूक माझी.

आता हातात धरण्याविषयी. मी नऊ वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत. आतून बॅटरी फुगल्यामुळे ट्रॅकपॅड दाबला जाईनासा झालेले लॅपटॉप मी उघडले आहेत. चिकटवलेली बॅटरीची पाकिटे प्लॅस्टिकच्या पट्टीने, धातू लागू न देता, केसाकेसाने सोडवली आहेत. आणि एखादे पाकीट फाटल्यावर येणारा तो गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास मला आजही ओळखू येतो. माझा स्वतःचा टॅब्लेट मी पूर्ण चार्ज करून उन्हाळाभर माळ्यावर टाकला होता. काढला तेव्हा पडदा एका कडेने नखभर वर आला होता. ही बडबड मी त्या टॅब्लेटकडून शिकलो, पुस्तके नंतर उघडली.

पुस्तकेही तेच सांगतात, त्याला माझा इलाज नाही. पूर्ण चार्ज झालेला सामान्य लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टच्या आसपास असतो, आणि त्या ताणाखाली आतले द्रावण इलेक्ट्रोडांपाशी हळूहळू विघटित होत राहते. उष्णता त्याला वेग देते, आणि त्यातून जो वायू सुटतो तोच पाकीट फुगवतो. उलट टोकाला, सेल फार काळ रिकामा राहून साधारण 2 व्होल्टच्या खाली गेला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. बंद केलेले उपकरणही थेंबथेंब वीज खात असते, म्हणून दोन्हीकडे अंतर राखायचे तर निम्मेच बरे. ॲपलही दीर्घ साठवणीसाठी 50 टक्के चार्ज आणि 32 अंश सेल्सियसखालची जागा सुचवते. बॅटरी युनिव्हर्सिटी या बॅटरीविषयक संकेतस्थळावरच्या कोष्टकात 25 अंशांवर वर्षभर ठेवलेल्या सेलची क्षमता 40 टक्के चार्ज असताना 96 टक्के, तर पूर्ण चार्ज असताना 80 टक्के उरते. 40 अंशांवर पूर्ण चार्ज ठेवल्यास 65.

राहिला आपला फोन. तो “सुरू होतो”, हे मला खरेच वाटते. सुरू होणे आणि पूर्वीइतका वेळ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी आपण एक अक्षर लिहिलेले नाही. क्षमता घटलेली बॅटरीही पडद्यावर शंभर टक्केच दाखवते, कारण ते शंभर टक्के तिच्या उरलेल्या क्षमतेचे असतात.

वेळेच्या तक्रारीला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही; सहा महिन्यांतून एकदा फोन उचलून निम्म्यापर्यंत चार्ज करण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आपण ही प्रतिक्रिया लिहिलीत.

तरी एक विनंती. तो फोन आवरणातून काढून, पाठीवर, गुळगुळीत टेबलावर ठेवा आणि कोपऱ्याला बोट लावून हलकेच ढकला. कॅमेऱ्याचा उंचवटा नसलेली सपाट पाठ असूनही तो मधोमध टेकून भोवऱ्यासारखा गरगर फिरला, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. तसे असल्यास त्याला चार्जर लावू नका, टोचू नका, दाबून बसवू नका, जाणकाराकडे द्या. पुढची प्रतिक्रिया त्यानंतर लिहा.