गाजावाजा झाला म्हणूनच हकीम घरी परतला

खेळाडू परदेशात अडकला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. खेळात राजकारण आणू नका. सरकारने जाहीर बोलू नये, त्याने काम बिघडतं. माणूस आपला नागरिकच नसेल तर आपला काय संबंध? आणि दबावाने कुणी सुटत नसतं. हे चारही मुद्दे मला पटत नाहीत, आणि त्याचं मुख्य कारण हकीम अल-अराइबी.

मेलबर्नच्या पॅस्को व्हेल क्लबचा हा फुटबॉलपटू २७ नोव्हेंबर २०१८ रोजी बायकोबरोबर मधुचंद्रासाठी बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच पकडला गेला. त्याच्या मायदेशाने, बहारीनने, त्याच्या नावाने इंटरपोलची रेड नोटीस, म्हणजे हा माणूस दिसला तर पकडून ठेवा अशी इतर देशांच्या पोलिसांना केलेली विनंती, काढलेली होती.

राजकारण इथे कुणी आणलं ते बघू. २०१२ मध्ये बहारीनमध्ये त्याला अटक झाली. कोठडीत पायांवर मारहाण झाली, असं तो सांगत आला आहे. पोलीस चौकीच्या तोडफोडीच्या आरोपावरून २०१४ मध्ये त्याच्या गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली. तोडफोड झाली त्याच सुमारास तो मैदानावर खेळत होता आणि तो सामना टीव्हीवर थेट दाखवला जात होता. पुढे २०१६ मध्ये बहारीनच्या राजघराण्यातले शेख सलमान बिन इब्राहिम अल-खलिफा फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा हकीमने त्यांच्यावर उघड टीका केली. शेख सलमान तेव्हाही आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आणि हकीम थायलंडच्या तुरुंगात होता तेव्हाही. खेळाडूचं रक्षण जिने करायचं, त्या संघटनेच्या प्रमुखावरच तो बोललेला. महासंघाचं थायलंडच्या पंतप्रधानांना पत्र गेलं ते अटकेला दोन महिने झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, आणि ते लिहिलं वरिष्ठ उपाध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांनी. हो, आपले गोंदियाचे. बहारीन ज्यात येतं त्या पश्चिम आशियाचं काम शेख सलमान यांच्याकडे नाही, असा खुलासा महासंघाला तेव्हा करावा लागला. अशा वेळी ‘संघटना बघून घेईल’ असं म्हणून सरकारने गप्प बसायचं?

नागरिकत्वाचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. ऑस्ट्रेलियाने त्याला २०१७ मध्ये निर्वासित म्हणून मान्यता दिली होती. ज्या देशात छळाची भीती आहे तिथे निर्वासिताला परत पाठवायचं नाही, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचं मूळ तत्त्व आहे. ज्या देशातून माणूस पळाला त्याच देशाच्या विनंतीवरून निर्वासितावर रेड नोटीस काढायची नाही, हा तर इंटरपोलचा स्वतःचा नियम. ही नोटीस काही दिवसांतच मागेही घेतली गेली, पण तोवर तो कोठडीत पोहोचला होता. हकीम येतोय ही खबर थायलंडला दिली होती ऑस्ट्रेलियातल्याच इंटरपोल कार्यालयाने, जे तिथल्या केंद्रीय पोलिसांच्या अखत्यारीत आहे. म्हणजे सरकारच्या एका हाताने आश्रय दिला आणि दुसऱ्या हाताने अडकवलं. त्याला सोडवणं हे ऑस्ट्रेलियाचे उपकार नव्हते, ती त्यांची जबाबदारीच होती.

आता ‘गुपचूप बोलणी’. लोक सगळ्यात जास्त ठासून बोलतात ते या मुद्द्यावर. गुपचूप बोलणी झाली नाहीत का? झाली. परराष्ट्रमंत्री मरीस पेन जानेवारीत बँकॉकला जाऊन आल्या. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी थायलंडच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली. तरीही बहारीनने त्याला ताब्यात मागितल्याच्या सुनावणीसाठी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी हकीमला कोर्टात आणलं ते कैद्याच्या कपड्यांत, अनवाणी, पायांत बेड्या घालून. कॅमेऱ्यांसमोरून नेत असताना मला बहारीनला पाठवू नका, असं तो ओरडत होता. पुढची तारीख पडली एप्रिलची.

ते बेड्यांमधले पाय जगाने पाहिले आणि चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघाचा माजी कर्णधार क्रेग फॉस्टर तर आधीपासूनच झटत होता, थेट झुरिकला जाऊन फिफाच्या सरचिटणीसांना भेटून आला होता. आता ऑस्ट्रेलियाच्या २३ वर्षांखालील संघाने थायलंडमधलं सराव शिबिर रद्द केलं. आदल्या वर्षी थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांना बाहेर काढणाऱ्या ऑस्ट्रेलियन पाणबुड्यांनीही रदबदली केली. १० फेब्रुवारीला थायलंडचे परराष्ट्रमंत्री बहारीनला जाऊन युवराजांना भेटले. ११ तारखेला बहारीनने मागणी मागे घेतली. १२ तारखेला हकीम मेलबर्नमध्ये होता.

शेवटची गाठ बंद दाराआडच सुटली, हे मला मान्य आहे. पण थायलंडच्या मंत्र्याला विमानात बसायची घाई झाली ती बाहेरच्या आवाजामुळे. सव्वादोन महिने अडलेलं काम एका आठवड्यात मार्गी लागलं, याचा दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

राहिला मुद्दा दबाव व्यर्थ असल्याचा. इथे नवीद अफकारीचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. शिराझचा २७ वर्षांचा पैलवान. २०१८ च्या निदर्शनांच्या वेळी एका सुरक्षारक्षकाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि छळ करून कबुलीजबाब घेतला, असं तो सांगत होता. जगभरातून विनंत्या झाल्या, तरी १२ सप्टेंबर २०२० ला इराणने त्याला फाशी दिली. हे अपयश झाकायचं कारण नाही. पण नवीद स्वतःच्याच देशाच्या तुरुंगात होता. हकीम तिसऱ्या देशात होता आणि त्या देशाला ऑस्ट्रेलियाशी संबंध टिकवायचे होते. जिथे असा धागा हाताशी असतो तिथे तो ओढायचा, आणि वेळेत ओढायचा.

बेलारूसची धावपटू क्रिस्त्सिना त्सिमानौस्काया हिच्या बाबतीत तो वेळेत ओढला गेला. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी प्रशिक्षकांवर टीका केली म्हणून १ ऑगस्ट २०२१ ला तिला जबरदस्तीने मायदेशी धाडायला हानेदा विमानतळावर आणलं. तिने फोनवर मदतीची विनंती जपानीत भाषांतरित केली आणि स्क्रीन पोलिसांपुढे धरली. जपानी पोलिसांनी तिला त्या विमानात बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलंडने व्हिसा दिला. ४ ऑगस्टच्या रात्री ती वॉर्सात उतरली.